तुटक्या रेघेचा मासा

स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेतच नाही. गार्डन रीचच्या ऑफिसातून बेहालाला घरी पोचले की खांद्यावरची पर्सही न काढता मी टाकीपाशी जायचे. पाण्याचा खारेपणा मोज, काच पूस, प्रवाळाची फांदी जरा डावीकडे सरकव. समुद्री माशांची टाकी ठेवली की कामाला तोटा नसतो, आणि मला तेच हवं असायचं.

टाकीत एक गोबी मासा होता. बोटाच्या पेराएवढा, हिरवा, गालांवर लाल उभ्या रेघा. त्याच्यासारखे दिसणारे चुलतभाऊ पुष्कळ, त्यामुळे रेघा बघूनच जात ओळखावी लागते. मला त्यासाठी दोन आठवडे लागले, कारण हे महाराज प्रवाळाच्या फांद्यांत शिरून बसतात आणि चाहूल लागली की आणखी आत सरकतात.

आई गेल्यावर बाबा साताऱ्याहून माझ्याकडे आले. इथली बंगाली येत नाही, हिंदी कामापुरती. दिवसभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. आयुष्यभर त्यांनी बँकेत लोकांच्या सह्या पडताळल्या होत्या. एखादी वेलांटी वेगळी वळली तरी चेक परत करायचे, आणि त्याचा त्यांना अजून अभिमान होता.

एका संध्याकाळी म्हणाले, "अगं, ते दोन आहेत."

"बाबा, मी एकच आणलाय."

"दोन. एकाच्या रेघा अख्ख्या आहेत. दुसऱ्याची मधली तुटलीय. तू सारखी हात घालतेस, ते बाहेर येतील कसे?"

मी हसले, पण आत जाऊन गॅस बंद आहे ना ते पाहून आले. त्याच महिन्यात त्यांनी दोनदा दूध ठेवून गॅस चालू सोडला होता. एकदा भाजी आणायला गेले आणि गल्लीच चुकली. शेवटी एका ऑटोवाल्याने घरी आणून सोडलं. आता रोज संध्याकाळी दोन माशांची बातमी. मी टॉर्च मारला, फांदी फिरवून पाहिली. एकच मासा. तिसऱ्या दिवशी मी खेकसले, "बाबा, पुरे आता!"

मग बाल्कनीत जाऊन पुण्याला दादाला फोन केला. "गॅसचं एक वेळ ठीक आहे रे, पण त्यांना आता नसलेले मासे दिसायला लागलेत." दादाने तिकडे एक वृद्धाश्रम पाहूनच ठेवला होता. "मग ठरवूनच टाकू," तो म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्यानंतर बाबांनी दुसऱ्या माशाचं नाव काढलं नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी ऑफिसच्या पायऱ्यांवर माझा पाय मुरगळला. प्लॅस्टर, आणि आठवडाभर हलायचं नाही. मला बाबांच्या खुर्चीत बसवून समोर स्टुलावर पाय ठेवला होता. टाकीपर्यंत हात पोचत नव्हता. पहिले दोन दिवस मी नुसती चडफडत होते. काचेवर शेवाळाचा एक ठिपका दिसत होता आणि तो पुसता येत नव्हता, याने जीव नकोसा झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी चडफडायचाही कंटाळा आला आणि मी गप्प बसले.

फांदीवर गोबी आला. पाठोपाठ त्याच्या शेजारी आणखी एक येऊन टेकला. त्याच्या गालावरची मधली रेघ तुटलेली होती.

ती फांदी मी गोबीनंतर महिन्याभराने आणली होती. हा दुसरा तिच्याच आत बसून आला असणार. इतके दिवस मी त्याला फांदीसकट इकडून तिकडे फिरवत होते.

हाक मारली असती तर दोघेही पळाले असते. बाबा आत पडले होते, मी त्यांच्या मोबाइलवर फोन लावला. चष्मा चढवत ते आले, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांच्या तोंडूनच ऐकावं म्हणून मी हळूच विचारलं, "बाबा, बघा बरं, किती आहेत?"

दोघेही समोर बसलेले होते.

"एकच आहे," बाबा म्हणाले. "मागे मला भास झाला होता गं. आता नाही होत. गॅससुद्धा मी दोनदा तपासतो."

मला माझी शरम वाटली. "बाबा, दोन आहेत. मला दिसतायत. ती तुटकी रेघही दिसतेय."

त्यांनी टाकीकडे पाहिलंच नाही. माझ्याच तोंडाकडे बघत राहिले.

"मग दादाला किती सांगायचे?" त्यांनी विचारलं.