ताकसांडे हवालदारांचा हात

भांडायला म्हणून गेले आणि रस्त्याच्या कडेला निमूट उभी राहिले, अशी माझी आणि ताकसांडे हवालदारांची पहिली भेट. आणीबाणीच्या थोडी आधीची गोष्ट. हिंगणघाटला कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौकात, एका कापड दुकानाच्या माडीवर आम्ही नवराबायको टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत होतो. सकाळच्या बॅचची काही पोरं रोज उशिरा यायला लागली. विचारलं, तर म्हणे नव्या ट्रॅफिक हवालदारानं डबलसीट पकडलं. रोज कसं पकडलं? तर रोज डबलसीट येत होती म्हणून! बाकीचे शिपाई असल्या सायकलींचा वॉल काढून घेत आणि मोकळे होत. हा माणूस वॉल काढत नव्हता आणि शिवीही देत नव्हता. चौकातल्या गोल ओट्याशेजारी पोरांना उभं करून म्हणायचा, "पाहा. कोन कसा चालून राह्यला, नुसतं पाहा." पोरं रस्ता पाहत उभी आणि इकडे माझी मशिनं रिकामी.

पदर खोचून मी खाली उतरले आणि तरातरा ओट्याकडे निघाले. एवढ्यात माझ्याकडे मानही न वळवता त्यांनी डावा हात माझ्या दिशेनं धरला. तळवा पुरता उघडा, बोटं जुळलेली. मी थांबले. अंगात राग मावत नव्हता, तोंडात वाक्यं तयार होती, तरी पाय थांबले याचं मला आजही नवल वाटतं. माझ्यासमोरून कापसाच्या बैलबंड्या गेल्या, एक एसटी गेली, मग तो हात फिरला आणि मला वाट मिळाली. ओट्याजवळ पोचेपर्यंत मी माझी निम्मी वाक्यं विसरून गेले होते.

"बोला बाई," ते म्हणाले. "पन मले वटा सोडता येत नाई. तुमीच जरा जोरानं बोला."

"माझी पोरं सोडा."

"पोरं सोडतो. डबलसीट नाई सोडत."

मी आल्या पावली परत आले, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं वेळेवर यायला लागली.

उंच, काटक, काळासावळा माणूस. मिशी बेताची, आवाज त्याहून बेताचा. शिट्टी गळ्यात असायची, पण ती फार क्वचित वाजे. सगळी करामत त्या हातांची. पोलिसात येण्याआधी त्यांनी शेतात मजुरी केली होती आणि तळव्यांचे घट्टे नोकरीतही गेले नव्हते. ओट्यावर असताना ते कुणाला नमस्कार करत नसत, घेतही नसत. आमदार आला काय नि फौजदार आला काय, हात रस्त्यासाठी. घरी भेटा, मग हवा तेवढा 'जय भीम' घ्या.

माणसांचं सोडा, बैलांनाही तो हात कळत होता. कापसाच्या हंगामात आसपासच्या गावांतून बंड्यांची रीघ लागे. अल्लीपूरकडून आलेला बंडीवाला गाठोड्यासारखा झोपलेला आणि बैल आपले पायाखालच्या रस्त्यानं चाललेले. एकदा हवालदार रजेवर होते, ओटा रिकामा होता. अशीच एक बंडी आली आणि बैल रोजच्या जागी येऊन उभे राहिले. बंडीवाला घोरतोय, मागे एसटीचा भोंगा कोकलतोय, बैल ढिम्म. हात दिसेना, तर ते जाणार कसे? हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं आहे. शेवटी आमच्या खालच्या कापडवाल्यानं जाऊन बंडीवाल्याला हलवून उठवलं.

पण या हाताचा एक कायदा होता आणि तो कोणत्याही पुस्तकात नव्हता. ज्याच्या डोक्यावर ओझं, त्याला आधी सोडायचं. मग बंड्या, मग सायकली आणि सगळ्यांत शेवटी मोटारी. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचे, भारे घेऊन शहरात जळण विकायला येणाऱ्या बायांसाठी ते चारी बाजूंची वाहनं अडवून धरत. एक वकीलसाहेब स्कूटरवर ताटकळले होते, ते एकदा चिडून म्हणाले, "हे कोणत्या कायद्यात लिहिलंय, हवालदार?"

"हात देला का थांबनं, हे कायद्यात हाय," ताकसांडे शांतपणे म्हणाले. "कोनाले पयले सोडाचं, ते सरकारनं माह्यावर सोडलं हाय. भारा डोक्यावर घ्या, तुमाले बी पयले सोडतो."

वकीलसाहेब हसले, पण थांबले.

थांबला नाही तो एकच माणूस. बाजाराचा दिवस होता. भारेवाल्या बायांची रांग रस्त्याच्या मध्यावर आली होती आणि हवालदारांचा हात वर होता. अशात बाजूच्या रस्त्यानं एक जीप आली. ड्रायव्हरनं वेग कमी केलेला मी पाहिला, पण शेजारी बसलेल्या टोपीवाल्यानं पुढे बोट केलं आणि जीप त्या हाताखालून, बायांच्या अंगावरून गेल्यासारखी निघून गेली. बाया पांगल्या, एकीचा भारा पडून पऱ्हाट्या रस्ताभर झाल्या. ताकसांडे ओट्यावरून हलले नाहीत. त्या बाईनं शेवटची काडी उचलेपर्यंत त्यांनी सगळा चौक अडवून ठेवला, मग हात खाली घेतला.

दुपारी ते आमच्या जिन्यात बसून डबा खात. त्या दिवशी डबा तसाच होता. मी विचारलं, "कोण होता तो? ओळखीचा होता का?"

"आमच्या गावचे पाटील. बापूसाहेब." त्यांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "आमचा बाप त्याइच्या घरी सालदार होता, बाई. पाटलाची दमनी रस्त्यानं आली, का बाप चपला काढून हातात घे अन् नालीत उतरे. मले बी हात धरून उतरवे. नालीत पानी राहो, काटे राहो. दमनी पुढं गेली का मंग आमी वर."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी आणि दमणी म्हणजे पाटलांची बसायची बैलगाडी, हे मला माहीत होतं. नालीचं माहीत नव्हतं.

ताकसांड्यांनी रीतसर केस केली. मग दडपण सुरू झालं. फौजदारानं बोलावून समजावलं, गावचे चार शहाणे येऊन गेले. म्हणाले, काय तो दंड आत्ता घे आणि मिटव. ताकसांडे म्हणाले, "दंड नको मले. केस बी मागं घेतो. बापूसाहेबानं एक खेप चौकात यावं. म्या हात देला का थांबावं, सोडलं का जावं. बस."

इतकं सोपं मागणं. त्यावर बापूसाहेबांनी काय निरोप धाडला, तो सगळ्या हिंगणघाटनं ऐकला: "रस्ता बदलवीन, पन त्याच्या हातापुढं थांबनार नाई!"

आणि खरोखरच बदलला. कोर्टात ड्रायव्हरनं दंड भरला आणि त्या दिवसापासून पाटलांची जीप जिनिंग फॅक्टरीच्या मागून, नाला उतरून, शहराला वळसा घालून बाजारात जाऊ लागली. कोरड्या दिवसांत ठीक होतं. पावसाळ्यात काळ्या चिकणमातीत जीप अशी रुतायची की बैलजोडी लावून ओढून काढावी लागे. धोतर पोटरीपर्यंत वर घेतलेले, चिखलात उभे असलेले बापूसाहेब अनेकांनी पाहिले. लोक त्या रस्त्याला 'पाटलाची वाट' म्हणू लागले. ताकसांड्यांसमोर कुणी हे हसून सांगितलं, तर ते मात्र हसत नसत.

वर्षं गेली. स्कूटरी वाढल्या, लुना आल्या, बंड्या कमी झाल्या. ताकसांड्यांचे केस पांढरे झाले. वर्ध्याच्या ऑफिसात बसायचं काम मिळत होतं, ते त्यांनी नाकारलं. त्यांची बायको मंजुळाबाई आमच्याकडे येऊन कपाळावर हात मारून घ्यायची. "उनात जळून राह्यले, बाई! पंख्याखाली बसाचं काम देत होते, तं नाई म्हनले. म्हनलं, काऊन? तं म्हनते, एक मानूस याचा बाकी हाय."

तो माणूस आला तर हे काय करतील, याची आम्हा सगळ्यांना उत्सुकता होती. समोरच्या पानठेल्यावर त्यावर चर्चा चालत. मला तर भीतीच वाटे. इतकी वर्षं मनात साठवलेली गोष्ट बाहेर येताना कशी येईल, कोण सांगणार?

बापूसाहेब आले एका उन्हाळ्यात, भर दुपारी आणि पायी. जीप कधीच विकली गेली होती, मुलं नागपूरला निघून गेली होती. एसटीतून उतरले आणि काठी टेकत आमच्या बाजूच्या डॉक्टरांकडे निघाले. मध्ये चौक. वळसा घालून जायचं तर त्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. मी खिडकीतून ओळखलं. ते पानठेल्याच्या सावलीत किती तरी वेळ उभे होते. एकदा मागे वळलेही. मग पुन्हा फिरले आणि रस्त्याच्या कडेपर्यंत आले.

ताकसांड्यांनी हात धरला. तळवा पुरता उघडा, बोटं जुळलेली.

बापूसाहेब थांबले.

पानवाल्याचा चुन्याचा हात तसाच राहिला. आमचा कापडवाला दुकानाबाहेर आला. माझ्या मागे मशिनांची टकटक बंद झाली आणि पोरं खिडकीशी गोळा झाली. माथ्यावर ऊन रणरणत होतं. खरं सांगते, मला वाटत होतं, ठेवा त्याला उभा. तुमच्या बापाला जितका नालीत उभा केला, तितका ठेवा.

एक ट्रक गेला. सायकली गेल्या, एक बंडी गेली. मग हात फिरला आणि रस्ता मोकळा झाला. म्हातारा काठी टेकत आला आणि निघून गेला. त्यानं ओट्याकडे पाहिलं नाही, ताकसांड्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो पार होताच त्यांनी दुसऱ्या बाजूच्या सायकली सोडल्या.

काही वर्षांनी ताकसांडे वारले, तेव्हा मयतीला जमलेले लोक ही गोष्ट भलतीच सांगत होते. कुणी म्हणे पाटलाला तासभर उन्हात तापवला, कुणी म्हणे पाटलानं ओट्यापाशी जाऊन हात जोडले. लोकांना असंच काहीतरी हवं असतं. मलाही हवं होतं. पण तसं काही झालं नाही, मी खिडकीत होते. सगळ्यांना थांबवत तेवढंच त्यांनी त्याला थांबवलं. मला तर तेव्हा ते कमीच वाटलं.

म्हणून त्याच दुपारी ते जिन्यात डबा उघडून बसले, तशी मी खाली गेले आणि जवळजवळ भांडलेच. "इतकी वर्षं वाट पाहिलीत, उन्हात जळलात, आणि एवढंच? थोडं तरी जास्त उभं करायचं होतं!"

त्यांनी भाकरी मोडली. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"जास्त उभं केलं असतं, बाई, तं तो पाटीलच राह्यला असता."