सहा वाजता उकळलेलं पाणी

वायरमनबाई म्हटलं की लोक आधी हसतात. हसू देत बापडे. "वायरमन आणि वर बाई, हे काय प्रकरण?" असं विचारणाऱ्याला ती स्वतःच सांगते, "मिक्सरला विचारा, त्याची काही तक्रार नाही." वय पंचावन्न, बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, खांद्याला जाड कापडाची पिशवी. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने फुटपाथवरून बोलायचं. पण त्या खोलीतून मेलेले पंखे फिरत बाहेर पडलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिलेत. आणि गेली चार-पाच वर्षं फोनवरून लागणारे दिवे, हाकेला ओ देणाऱ्या डब्या, हेही तिने असंच अंगावर घेतलंय. तिच्या वयाची माणसं नवा फोन आला की नातवंडांना हाका मारतात. ही बाई वस्तूबरोबर आलेलं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, संपलेल्या सेलची विल्हेवाट कशी लावावी तेसुद्धा.

तिची एक खोड मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होती. काम झालं की ही हात पाठीमागे बांधून उभी राहणार. वस्तू जो वापरणार, त्याने तिच्यादेखत तीनदा चालवून दाखवायची. तोवर ही हलणार नाही, चहा दिला तरी पिणार नाही. एका घरात सून म्हणाली, "सासूबाईंना मी शिकवीन हो नंतर." बाई म्हणाली, "नंतर म्हणजे कधीच नाही. बोलवा त्यांना." सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या, तर ही पाऊण तास बसून राहिली! तिचा नवरा, निवृत्त बस कंडक्टर, डोक्याला हात लावायचा. "अगं, बटण दाबायला काय अक्कल लागते?" ती म्हणायची, "मला दाबता येतं म्हणून त्यांना येतं, असं असतं का?"

तर अशा या बाईला टेलरकाकांच्या मुलाचा फोन आला. टेलरकाका म्हणजे कोपऱ्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे म्हातारे शिंपी. अर्ध्या गल्लीचे कोट त्यांनी शिवलेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आता दोन वर्षांपासून हात थरथरत होते, पायही हवे तसे उचलत नव्हते. मुलगा दूरच्या शहरात इंजिनिअर. मागच्या महिन्यात काकांनी गॅसवर चहाचं भांडं ठेवलं, ते विसरले, आणि भांड्याचा कोळसा झाला. शेजाऱ्यांनी दार ठोठावलं म्हणून निभावलं. मुलाने तेव्हाच निकाल दिला होता: गॅस बंद, आणि बाबांना एकट्याला जमत नसेल तर त्यांनी इथलं घर बंद करून त्याच्याकडे यायचं.

काकांना जायचं नव्हतं. मुलाचं घर चांगलं होतं, सून गुणाची होती, प्रश्न तो नव्हताच. "बाई, तिथे मला सगळं हातात मिळतं," ते म्हणाले. "कप हातात, पेपर हातात, चपला पायाशी. आठ दिवसांत मला वाटायला लागतं, आपण पार्सल आहोत." इथे जेवणाचा डबा दुपारी एक वाजता यायचा, बाकी सगळं ते स्वतः करायचे. सकाळचा चहा तर स्वतःच. बायको होती तेव्हाही तिचा कप तेच करून द्यायचे. तेवढं जमलं तर मुलगा गप्प बसणार होता.

मुलाने खोकं पाठवलं होतं. त्यात घर सांभाळणारी एक डबी, दोन दिवे आणि एक स्मार्ट किटली. बाईने चष्मा चढवला आणि बैठक मारली. दिवे दहा मिनिटांत जोडले गेले. किटली मात्र रुसून बसली. फोनला दिसेच ना! बंद करा, चालू करा, बटण पाच सेकंद दाबून धरा, निळा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. दोन तास गेले. काका म्हणाले, "सोडा हो, खराब निघाली असेल." बाई म्हणाली, "वस्तू खराब आहे असं मी सगळ्यात शेवटी म्हणते. आधी मी खराब आहे का ते बघते." आणि सापडलं शेवटी, पुस्तकाच्या मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. घरातला राउटर दोन वाटांनी सिग्नल सोडत होता, एक जुनी आणि एक वेगवान. किटलीला फक्त जुनी वाट कळत होती, आणि फोन बसला होता वेगवान वाटेवर. बाईने दोन्ही वाटांना वेगवेगळी नावं दिली, फोन जुन्या वाटेवर आणला, आणि किटली डबीला अशी चिकटली की जणू कधी भांडणच नव्हतं.

मग मुलाचा फोन. "ताई, बाबा विसरतात. रात्री पाणी भरून ठेवतील, सकाळी सहाला किटली आपोआप सुरू होऊ दे. आणि सुरू झाली की मला मेसेज येऊ दे. म्हणजे मला कळेल, बाबा ठीक आहेत."

बाईने तसं लावून दिलं. लावून देताना छान वाटलं तिला. काकाही खूश, उठल्या उठल्या पाणी तयार! आणि मग ती हात पाठीमागे घेऊन उभी राहिली, तर काका म्हणाले, "काय करून दाखवू? करायचं काहीच नाही की!" खरंच काही नव्हतं. बाई हसली, पिशवी उचलली आणि घरी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती काही करून न घेता गिऱ्हाइकाच्या घरातून निघाली होती.

आता खरं सांगायचं तर तिला दोन दिवस काहीतरी टोचत होतं. काय ते कळेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने घरी चहाचं आधण ठेवलं आणि मागच्या गॅलरीत कपडे काढायला गेली. एका चादरीचा चिमटा अडकला, ती त्याच्याशी झटत राहिली. आतून नवरा ओरडला, "अगं, पाणी उकळून उकळून आटलं! आहेस कुठे तू?"

बाईच्या हातातली चादर खाली पडली. पाणी उकळत होतं आणि ती तिथे नव्हती.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं, तोवर ती चपला घालत होती. "मी गाढव आहे," एवढंच म्हणाली आणि निघाली. साडेसहा वाजले होते. टेलरकाकांच्या इमारतीखाली इस्त्रीवाला दुकान उघडत होता, त्याच्याकडे वरच्या घराची किल्ली असायची. ती घेऊन बाई जिना चढली. बेल वाजवली. आतून बारीक आवाज आला, "या."

किल्लीने दार उघडलं, तर काका मोरीच्या दारात भिंतीला टेकून बसले होते. पाय विचित्र दुमडलेला, ओठ कोरडे. पाच वाजता उठले होते, ओल्या फरशीवर पाय सरकला. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. बाईने आधी पाणी पाजलं, मग पायाखाली उशी दिली, मग डॉक्टरांना फोन केला. काका शांत होते. फार शांत. बाईलाच भडभडून आलं.

"ओरडायचं नाही का, काका?"

"ओरडलो की. शेजारचे गावाला गेलेत." काका म्हणाले. "पण एक सांगू? पडलो तेव्हा घाबरलो नाही. म्हटलं, मुलाला कळेल. मग सहा वाजले आणि स्वयंपाकघरात किटली उकळायला लागली. सगळं ऐकू येत होतं इथे. उकळली आणि टक् करून बंद झाली. तेव्हा कळलं, आता पोराला मेसेज गेला, बाबा ठीक आहेत. आता दुपारी एकला डबेवाला येईपर्यंत कुणी येत नाही. तेव्हा मात्र घाबरलो, बाई."

डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही, मुरगळलंय, चार दिवस जपा. बाईने मुलाला फोन लावला. तो ऑफिसच्या वाटेवर होता, आणि त्याला विश्वासच बसेना. "असं कसं? मला सहाला मेसेज आलाय! मी त्यावर अंगठासुद्धा टाकलाय!"

"आलाच असणार," बाई म्हणाली. "किटली तिच्या वेळेला सुरू झाली, तिने ते तुम्हाला कळवलं. बाबांचं तिला काय माहीत? हे मला जोडताना कळायला हवं होतं. चूक माझी आहे."

बघा, इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, साहेब, तुम्हीच तसं लावायला सांगितलंत. ते खरंही होतं. पण बाईच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. या एका गोष्टीसाठी तिला हात जोडावेसे वाटतात.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन थडकला. सोबत मोठी रिकामी बॅग. "बाबा, आता बस्स. कपडे भरतो."

काका पलंगावर बसले होते, पायाला पट्टी. नुसते मुलाकडे बघत राहिले. मुलाने कपाट उघडलं. तेव्हा कोपऱ्यात उभी असलेली वायरमनबाई पुढे आली.

"अरे, थांब जरा," ती म्हणाली, आणि चाळीस वर्षांच्या इंजिनिअरला आपण अरे-तुरे केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "मी चुकीचं जोडलं त्याची शिक्षा त्यांना का? मला चार दिवस दे. नाही जमलं तर मी स्वतः बॅग भरायला येते."

मुलगा थकून खुर्चीत बसला. "ताई, मला तिकडे झोप लागत नाही. तुम्हाला काय सांगू!"

"म्हणूनच तर," बाई म्हणाली.

पुढचे चार दिवस तिने जिन्याखालचं दुकान बंद ठेवलं. सहाची वेळ काढून टाकली. किटली आपोआप काही करणार नाही, काका स्वतः बटण दाबतील तेव्हाच ती सुरू होणार. आणि मेसेज ती सुरू झाल्याचा नाही जायचा. त्या किटलीला बैठकीवरून कुणी उचललं की कळत होतं, पुस्तकात बत्तिसाव्या पानावर लिहिलं होतं. तर मेसेज जाणार तो पाणी उकळून झाल्यावर ती उचलली की. माणसाने हाताने उचलल्याशिवाय नाही म्हणजे नाही. सकाळी साडेसातपर्यंत उचलली गेली नाही, तर तीन फोन एकदम वाजणार: मुलाचा, बाईचा आणि खालच्या इस्त्रीवाल्याचा. किटली अर्धीच भरायची, म्हणजे जड होत नाही. पाण्याची खूण बाईने लाल टेपने केली. काकांकडून ती रोज सात-आठ वेळा सगळं करून घेत होती, इतकं की तेच म्हणाले, "बाई, आता कपात मासे सोडा, एवढं पाणी ओतलंय."

पुन्हा पडले तर फोन जवळ कसा असणार, असा प्रश्न निघाला तेव्हा काकांनी शिवणाच्या मशीनवरचं आच्छादन काढलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. रात्रीच्या सदऱ्याला फोनपुरता खिसा लावला. अर्धा दिवस लागला, आणि खिसा वाकडा झाला. "आयुष्यातला पहिला वाकडा खिसा," असं म्हणून त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

पाचव्या सकाळी खरी परीक्षा. बाई पावणेसातला येऊन पोचली. मुलगा आतल्या खोलीत पलंगावर बसला होता, फोन मांडीवर. स्वयंपाकघर दहा पावलांवर, मध्ये दार लोटलेलं. बाई दारालाच खुर्ची लावून बसली.

"मी नुसतं बघतो फटीतून," मुलगा म्हणाला.

"तू तुझ्या शहरात आहेस असं समज. तिथून दिसतं का?"

बाहेर पाय घासत गेल्याचा आवाज आला. नळ सुटला, बंद झाला. भांडं कशावर तरी आपटलं. मुलगा अर्धा उठला, बाईने डोळे वटारले, तो बसला. पाण्याचा सूर चढत गेला आणि टक् करून थांबला. मग काहीच नाही. मुलगा फोनकडे बघत होता. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. बाई उठली नाही. मनातल्या मनात ती काकांना सांगत होती, दोन्ही हातांनी धरा, घाई नको, कुणी मागे लागलेलं नाही.

फोन थरथरला. मुलाने वाचलं. "किटली उचलली," असं काहीतरी तो पुटपुटला. त्याने तोंडावर हात धरला.

बाहेरून काकांनी हाक मारली, "पोचलं का रे?"

मुलगा नुसती मान हलवत राहिला, आणि दाराच्या पलीकडे ती मान कुणाला दिसणार होती?

"अरे, पोचलं का?" काकांनी पुन्हा विचारलं. आवाजात थोडी भीती होती. किटली अजून त्यांच्या हातात होती.

"पोचलं, बाबा," मुलगा म्हणाला. "पोचलं."

"मग ओततो," काका म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीने तो एकटाच परत गेला.