दोरीचं दुसरं टोक

आमच्या मावशीला मूल मोकळं सोडलेलं बघवत नसे. ईशान रांगायला लागला आणि तिने त्याच्या घोट्याला सुती दोरी बांधून दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं. मी ऑफिसातून घरी आले, तर पोरगं शेळीसारखं बांधलेलं. मी भडकलेच. तिने शांतपणे आमच्या शारजातल्या बाराव्या मजल्याच्या बाल्कनीकडे बोट दाखवलं. म्हणाली, "मॅडम, हमारे गाँव में फर्श खतम, नदी शुरू. इधर फर्श खतम, हवा शुरू." दोरी राहिली.

ही मावशी कोकणातली नव्हे, बोर्निओ बेटावरची. नदीत रोवलेल्या लाकडी खांबांवर तिचं अख्खं गाव उभं होतं. वयाने माझ्याहून लहान; पण घर सांभाळणारी बाई म्हणजे मावशी, ही आपली सवय इथेही सुटत नाही. मोडकी हिंदी ती लग्नाआधी दुबईतल्या एका भारतीय घरी शिकली होती, आणि वर अरबीची फोडणी. ईशानला भरवून झालं की रिकामी वाटी दाखवून म्हणायची, "खलास." तोही दोन्ही हात झटकून "खलास" म्हणायचा. त्या दोघांचं ते रोजचं नाटक बघायला मी मुद्दाम थांबायचे.

तिची मुलगी गावी आजीपाशी होती. मावशी निघाली तेव्हा ती नुकती पालथी पडायला लागली होती. लेक धावायला लागायच्या आत काठावर, घट्ट जमिनीवर घर बांधायचं, एवढ्यासाठीच मावशी इथे आली होती. व्हिडिओ कॉलवर मुलगी धरून धरून उभी राहिली, की हिचा चेहरा पडायचा. अगं, कौतुक तरी कर, असं मी म्हणायचे. ती म्हणायची, "इन्शाल्ला, थोडा धीरे चलेगा."

मुलगी काही थांबली नाही. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मावशी ईशानला वरणभात भरवत असताना फोन आला. पलीकडे तिची आई रडत होती. मावशीने सगळं ऐकलं, फोन उपडा ठेवला आणि उरलेले घास भरवले. रिकामी वाटी पाहून ईशान "खलास" म्हणाला. तिने वाटी खाली ठेवली. मग कमरेची गाठ सोडून तिने दोरी माझ्या हातात दिली.

"मॅडम, पकडो. मेरा बेटी नदी में गिर गया."

त्या उरलेल्या घासांची आठवण मला अजून सोसत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला विमानात बसवलं. ती परत आली नाही.

गेल्या ईदच्या सुट्टीत मी हट्टाने सगळ्यांना घेऊन तिच्या गावी गेले. होडीतून उतरलो तो फळ्यांच्या रस्त्यावर. फटींतून खाली चहाच्या रंगाचं पाणी वाहताना दिसत होतं. ईशान आता सात वर्षांचा, तरी मी त्याचा दंड सोडला नाही. दारात मावशी उभी होती, पार वाळलेली. ईशानने मला विचारलं, "मम्मा, हू इज धिस आंटी?" तिला ते कळलं असणार. पण तिने हसून आम्हाला आत बसवलं आणि भात-मासा वाढला.

घर नदीवरच होतं. जमिनीवरच्या घराचं काय झालं, असं नवऱ्याने विचारलं. "किसके लिए?" एवढंच ती म्हणाली. मग मीही धीर करून विचारलं, की तिच्या आईने मुलीला दोरी बांधली नव्हती का. मावशी ईशानच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "दोरी था, मॅडम. माँ बूढी है. पकडने वाला तो शारजा में था."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

निघताना ईशान फळ्यांवरून पुढे धावला. मावशीने खुंटीवरची लेकीची दोरी काढली आणि त्याच्यामागे जाऊन त्याच्या पायाशी बसली. त्याने पाय मागे घेतला. "आय कॅन स्विम," म्हणाला. तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या बिल्डिंगच्या पूलमध्ये शिकलाय, असं मी सांगितलं. तिने घरात जाऊन दोरी पुन्हा खुंटीला अडकवली आणि दारात येऊन म्हणाली, "खलास."

ईशानने दोन्ही हात झटकले. का झटकले, ते त्यालाही कळलं नसावं.

मावशी आत गेली. आमची होडी सुटेपर्यंत ती बाहेर आली नाही.