कोरड्या कानाचा पावसाळा

माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला आणि माझी माय खूश झाली. तोंडाने म्हणाली नाही, पण मी अंदमानहून घरी आले त्या दिवशी तिने वडे तळले. सिंदेवाहीच्या बाजूला आमचं गाव, गावाला लागून मोठा तलाव, आणि त्या तलावावर मासे धरून जगणारं आमचं घर. लग्नाच्या वयाची पोरगी समुद्रात बुड्या मारते आणि परक्या माणसांना पाण्यातले किडे दाखवते, हे मायला कधीच पटलं नव्हतं.

किडेच म्हणायची ती त्यांना. धानाच्या दाण्याएवढी, जांभळ्या ठिपक्यांची, पाठीवर शंख नसलेली गोगलगाय. काचेसारखा आरपार झिंगा, ज्याचे नुसते डोळे आणि पोटातली अंडी दिसतात. मोठा मासा काय, आंधळ्यालाही दिसेल! प्रवाळावरचा बारका जीव हुडकायला नजर लागते, आणि ती माझ्याकडे होती. समुद्रात बुडी मारायला आलेले पाहुणे मुद्दाम मलाच मागून घ्यायचे. दुसरं काही मला येतही नाही.

पडदा फाटला तो आमच्या घरच्या रीतीने. जाळं तलावाच्या बुडाशी खुंटाला अडकलं की आमच्यात लेकरांना सोडवायला पाठवतात. पाठवताना बाप बजावतो, "कान दुखला तं थुका गिळ अन् जा खाली, वर नको येऊ." तलाव जेमतेम दोन पुरुष खोल, तिथे हे चालून जातं. समुद्रात नाही चालत. कान दुखला की थांबा, वर या, हे मी स्वतः पाहुण्यांना रोज घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. पण त्या दिवशी मला सर्दी झाली होती, कान मोकळा होईना, आणि खाली कपारीत मला ती जांभळी गोगलगाय दिसली. मी थुंकी गिळली आणि गेले खाली. आत फट्‌ झालं, कानात गार पाणी शिरलं आणि सगळा समुद्र माझ्याभोवती गरगरायला लागला. वर कसं आणलं मला, ते आणणाऱ्यांनाच ठाऊक.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळा सरेपर्यंत कानाला थेंब लागू द्यायचा नाही, मग बघू. झालं! घराच्या तिन्ही बाजूंना पाणी आणि मी कानात कापूस घालून मधे बसलेली. बापाच्या डोंग्यात, म्हणजे होडीत, बसायचं नाही. धानाच्या रोवणीला जायचं नाही, सर आली तर? संध्याकाळी तलावाच्या बांधावर, पाळीवर दोन पावलं टाकावीत, तर तिथे वाघ फिरतोय म्हणून पाचनंतर सगळ्यांचीच दारं बंद. बाया यायच्या आणि माझ्यादेखत मायला म्हणायच्या, "बरं झालं बाई, पाण्यातून सुटली. आता लगन उरकून टाका." एका कानाने ऐकू येत नाही म्हणून माझ्या तोंडावर बोलायच्या. अगं, दुसरा शाबूत आहे माझा!

बाप झिंगे आणायचा, मी ते निवडत बसायची. शेवाळात चिकटलेली मोहरीएवढी गोगलगाय सापडली की नखावर घेऊन उजेडात धरायची. माय चिडायची. "झिंगे निवडून राह्यली का पोथी वाचून राह्यली?" मी ती शेवाळात परत टाकायची आणि उगाच रडायची. जेवण जाईना. कौलावर पाऊस वाजायला लागला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. माय नुसती बघत राहायची.

पावसाळा संपल्यावर मायलेकी चंद्रपूरला गेलो. डॉक्टरांनी कानात उजेड टाकला आणि म्हणाले, "पडदा जुळला." मी खुर्चीतून उडालेच! मग ते म्हणाले, "पण फार पातळ आहे. तलावात वरवर पोहा हवं तर. समुद्रात खोल जाणं मात्र आता कायमचं बंद. पुन्हा फाटला तर कान गेला समजा."

मायकडे बघायची माझी हिंमत नव्हती. जे तिला हवं होतं ते झालं होतं.

"असं कसं म्हणता डॉक्टर?" माय म्हणाली. "मंग ही का करन?"

"घरी राहील, मावशी. त्यात काय?"

"घरी?" माय अशी ओरडली की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. "घरी मरून राह्यली माही पोट्टी! तुमाले दिसत नाई का? काहीतरी दवा द्या, दुसरा पडदा लावा, पण तिले जाऊ द्या!"

मी तिचा हात धरून ओढत होते. तिने डॉक्टरांच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि ती सोडायला तयार नव्हती.