पाळ फुटता फुटता

बायकोने तुळशीसाठी तलावाची गाळमाती आणली. ती कालवताना वास आला आणि अड्याळजवळच्या आमच्या गावची ती सकाळ आठवली.

तलावाच्या पाळीला, त्या मातीच्या बांधाला, भगदाड पडलं होतं. खाली साऱ्या गावाची नुकतीच रोवलेली धानाची शेतं होती. तणस म्हणजे धानाचा पेंढा आणि माती भरलेली पोती येईपर्यंत पाणी अडवायला आम्ही माणसंच हातात हात अडकवून भगदाडात बसलो. माझ्या शेजारी दयाराम आला. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्याच्या हद्दीवरून झालेल्या भांडणामुळे आमच्या घरांचं बोलणं बंद होतं. पाणी छातीपर्यंत चढलं.

"काहून थरथरून राहिला बे?" तो म्हणाला.

"मी नाही, तूच थरथरून राहिला."

"दोघंही असू. फक्त उठू नको."

आम्ही हसलो आणि हात आणखी घट्ट झाले. पोती आली, पाणी थांबलं, पाळीवर एकच आरोळी उठली.

मी सगळं मोजून ठेवणारा माणूस. धुऱ्याची वादाची जागा वीतभर, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या थरथरीतली माझी किती आणि त्याची किती, हे मला आजही सांगता येत नाही. त्या वर्षी पाळीखालचं सगळं धान पिकलं, त्याचंही आणि माझंही.