रद्द झालेल्या ध्रुवांगीचं बारसं

माझी मुलगी रद्द झाली तेव्हा मी अमरावतीच्या माझ्या दुकानात झेंडूचे हार ओवत होतो.

बातमी मोबाईलवर आली. 'नभोगड' मालिकेची जुनी पुस्तकं यापुढे खरी धरायची नाहीत. नवा सिनेमा येतोय, त्यात दिसेल तेवढंच खरं, असं कंपनीनं जाहीर केलं. लहानपणी ही पुस्तकं जेवताना वाचायचो म्हणून मी आईचे रट्टे खाल्ले होते. त्यातली शूर सेनापती ध्रुवांगी फक्त जुन्या पुस्तकांत होती. म्हणजे आता ती कधी नव्हतीच! आणि माझ्या मुलीचं नाव ध्रुवांगी.

हे नाव मी घरादाराशी भांडून ठेवलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. माझी मोठी बहीण शोभाताई अकोल्याहून 'शेवंती' ठरवून आली होती. (आमचं घराणं वलगावचं, फुलं पिकवणारं. तिचं काही चुकलं नव्हतं.) पण मी ऐकतो कुठला! "मी सांगतो तेच नाव कानात सांगायचं," असा हुकूमच सोडला. ताई पाळण्यात वाकली, कुजबुजली, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि मी विजयी मुद्रेनं बर्फी वाटली.

तर, बातमी येताच आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर आकांत सुरू झाला. अचलपूरच्या एका भावानं पुस्तकांच्या गठ्ठ्याला हार घालून फोटो टाकला. मी कसला मागे राहतो! 'माझी पोरगी जिवंत पुरावा आहे!' असं लिहून मी तिचाच फोटो टाकला. तो फिरत फिरत तिच्या वर्गात पोचला. शाळेतून आली ती दप्तर फेकतच.

"बाबा, पोरी म्हणून राह्यल्या, तू कॅन्सल झाली!"

"कंपनीले काय समजते?"

"मंग तुमी फोटो कावून टाकला?"

 ती उशीत तोंड खुपसून रडत राहिली. मला फार वाईट वाटलं.

आधार म्हणून मी ताईला फोन लावला. ती सकाळच्या एसटीनं हजर! पिशवीत घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे.

"बारसं करू पोरीचं. एक नाव कंपनीनं खाल्लं, तं दुसरं ठेवा लागते ना?"

"अवं ताई, सातवीत हाय ते! पाळण्यात मावंल का?"

"पलंगावर निजव."

तोवर माझ्या बायकोनं कुकर चढवलाही होता. शेजारणी जमल्या. मी मोबाईल खिडकीत टेकवून ठेवला. मुलगी पलंगावर गाल फुगवून बसली.

"आत्या, माहं नाव बदलवून राह्यली का तू?"

ताई तिच्याजवळ पलंगावर टेकली. मग म्हणाली, "बदलवाचं काय, माय? तुया कानात मी तवाच शेवंती म्हटलं होतं. तुहा बाप बर्फीच्या घाईत होता."

मी ताडकन उठलो. "हे चालनार नाई! मंग इतक्या वर्साचं सारं खोटं?"

कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. मुलगी विचारात पडली होती.

"मंग बाबानं ध्रुवांगी म्हटलं का मी ओ कशी देतो?"

"बाप हाक मारते तवा पोरगी नाव थोडीच पाहते? तुले आवाज समजते त्याचा."

 इतकी वर्षं मी नावासाठी भांडत होतो आणि पोरगी माझ्यासाठी ओ देत होती. मुलीनं डोळे पुसले, घुगऱ्यांची वाटी ओढली आणि निकाल दिला, "दोनी नावं राहू द्या. दोनी माहेच हायेत."

"आन् मी काय करू?" मी विचारलं.

"तुमी हाक मारत जा, बाबा. पन पह्यले तो मोबाईल बंद करा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बारसं मी अजून ग्रुपवर थेट दाखवतच होतो, आणि अचलपूरचा भाऊ केव्हाचा विचारत होता, "दादा, मंग तुमचं कोनतं खरं धराचं?"