गर्दी कधी सरते, हे विचारणाऱ्या बिराजदार मॅडम

संगणकाला एखादं काम नेमून द्यायचं असलं की बिराजदार मॅडम आधी फोन उचलत. आमच्या सोलापूरच्या हॉस्पिटलच्या बार्शी, अक्कलकोट, दुधनी अशा सात शाखा. संध्याकाळी तिथले संगणक बंद होत, म्हणून त्यांच्या नोंदींचा बॅकअप आमच्या सर्व्हरवर दिवसाच घ्यावा लागे. ते काम आपोआप होई. सुरू कितीला व्हायचं, तेवढं ठरवून द्यावं लागे. त्यासाठी मॅडम शाखाशाखांत विचारत, "तुमच्याकडची गर्दी कधी सरती?" दुधनीला फोन असला तर कन्नडमध्ये.

हॉस्पिटलच्या संगणक विभागात मी त्यांच्या हाताखाली नवीन होतो. एवढ्यासाठी फोन कशाला, असं एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "मशीनला गर्दी दिसत न्हाय, संतोष. माणसालाच इचारावं लागतंय की."

उन्हाळ्यात त्या चार दिवस माहेरी गेल्या. त्या परतायच्या आदल्या संध्याकाळी नवा सर्व्हर आला आणि सगळ्या वेळा पुन्हा लावायची पाळी माझ्यावर आली. मी एकही फोन केला नाही. सातही शाखांना दुपारी एक ही वेळ टाकली. जेवणाच्या वेळेला कोण काम करतंय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता बार्शीहून फोन आला. सकाळच्या शाळेत शिकवताना एका मास्तरांची वाचा गेली होती, उजवं अंग लुळं पडलं होतं. मेंदूच्या स्कॅनच्या प्रतिमा आमच्याकडच्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नव्हतं, आणि ते देण्याची मुदत संपत आली होती. "सर, स्कॅन जाईनाच की," तिकडचा माणूस सांगत होता.

मी काय काय बंद-चालू केलं, आठवत नाही. तेवढ्यात मॅडम दारात आल्या, खांद्याला प्रवासाची पिशवी तशीच. बार्शीचा स्कॅन एकपासून अडकलाय, एवढं मी सांगितलं.

"एक वाजता काय सुरू हुतं?"

"बॅकअप."

"कुठल्या शाखेचा?"

"सगळ्यांचा," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. सातही शाखांच्या नोंदी एकदम येऊन आमची लाइन तुंबली होती; खुर्ची ओढून त्या एकेका शाखेचा बॅकअप थांबवत गेल्या. पाचवा थांबला तशा प्रतिमा सरसर येऊ लागल्या. डॉक्टरांनी पाहिल्या आणि बार्शीला फोनवर सांगितलं, "द्या इंजेक्शन."

मग मॅडमनी माझ्यापुढं कागद ठेवला. "झालं तसं लिही. लपवलेली चूक परत येती." मी लिहिलं. खाली त्यांनी स्वतःची ओळ जोडली: रजेवर जाण्यापूर्वी सूचना लिहून ठेवायला हवी होती, ती मी ठेवली नाही. साहेबांकडे आम्ही दोघं गेलो. बोलणी दोघांनीही खाल्ली.

मॅडम आता निवृत्त होऊन दुधनीला असतात. पण मला त्या आठवतात त्या महिन्याभरानंतरच्या एका सकाळच्या. मास्तर तपासणीला सोलापुरात आले होते. रिपोर्ट कुठं मिळतो विचारत, बायकोबरोबर आमच्याच खोलीत शिरले. हातातल्या कागदावरचं नाव वाचून आम्ही त्यांना ओळखलं; आम्ही कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मॅडमनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि कप मुद्दाम त्यांच्या उजव्या हाताकडं धरला.

"घ्या मास्तर, सावकाश."

मास्तरांनी उजव्या हातानंच कप घेतला. हात जरासा कापला. चहा सांडला नाही. "साखर कमी हाय की," ते म्हणाले. शब्द थोडे जड होते, पण स्पष्ट.

मॅडम साखर आणायला उठल्या. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो आणि महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.